पंचनाम्यातले पंच

मराठीत आपत्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुष्काळ, प्लेग, महापूर, भूकंप या सर्वांनी आपल्या कथा-कादंबऱ्यांत, आत्मचरित्रांत आणि वृत्तपत्री लेखनात आपापली जागा मिळवली आहे. या लेखनाकडे एकत्रितपणे पाहिले, तर त्यात दोन माणसे पुनःपुन्हा भेटतात. एक आपत्तीने उद्ध्वस्त झालेला, आणि दुसरा त्याला वाचवायला धावून आलेला. पहिल्याच्या वाट्याला करुणरस येतो, दुसऱ्याच्या वाट्याला वीररस. या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस असतो. तो रात्री उशिरापर्यंत चावडीत किंवा शाळेच्या खोलीत बसून याद्या करत असतो. कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणाची बाळंतीण आहे, धान्य कोणाला मिळाले आणि कोणाला राहिले, हे त्याला ठाऊक असते. कधी तो सरपंच असतो, कधी ग्रामसेवक, कधी नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक, तर कधी प्रभागातली एखादी सदस्या. या तिसऱ्या माणसाला आपल्या साहित्याने फारसे पाहिलेले नाही, आणि पाहिले तेव्हा त्याच्या वाट्याला बहुधा हास्यरस आला.

ही केवळ साहित्याच्या इतिहासातली एक उणीव आहे असे मानून पुढे जाता आले असते. परंतु ज्या माणसाची प्रतिमा भाषेत नाही, तो माणूस जागेवरून नाहीसा झाला तरी समाजाला त्याची उणीव जाणवत नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात नेमके हेच घडले, असे आमचे मत आहे. ते मांडण्याआधी काही जुनी पाने उलटून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून मराठीच्या वर्गात तिचे अध्यापन अखंड चालू आहे. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत शिक्षक म्हणून आलेला तरुण, वाडीचा कारभारी, सर्वांच्या श्रमातून उभी राहणारी तालीम, आणि अखेरीस दुष्काळाने ओस पडत जाणारी वाडी हा तिचा आशय सर्वांना परिचित आहे. विद्यार्थी तिच्यावर लिहितात तेव्हा बहुधा प्रादेशिकता, निवेदनाचा संयम आणि निसर्गापुढची मानवी हतबलता यांवर लिहितात. ते योग्यच आहे. तथापि या कादंबरीला आणखी एक प्रश्न विचारता येतो. जी वाडी एकदिलाने तालीम उभी करू शकते, ती दुष्काळापुढे का टिकत नाही?

उत्तर कादंबरीतच आहे, असे आम्हांस वाटते. वाडीपाशी एकोपा आहे, श्रम करण्याची तयारी आहे, शब्दाला जागणारी माणसे आहेत. नाही ते एवढेच, की या एकोप्याला साठवून ठेवणारे काही. धान्याचे कोठार नाही, पाण्याची तजवीज नाही, वाईट वर्षासाठी राखून ठेवलेला पैसा नाही. एकोपा हा उत्सवात आणि बांधकामात दिसतो; अवर्षणात तो दिसायचा असेल तर त्याचे आधी कशात तरी रूपांतर झालेले असावे लागते. हे रूपांतर करणारी यंत्रणा म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था. योगायोगाची गोष्ट अशी की ज्या औंध संस्थानात ही कथा घडते, तेथेच १९३९ साली गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली राजाने आपली सत्ता ग्रामपंचायतींच्या हाती सोपवण्याचा प्रयोग सुरू केला होता. या प्रयोगाविषयी राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी लिहिले आहे. मराठीच्या वर्गात 'बनगरवाडी' शिकवताना मात्र त्याचा उल्लेख क्वचितच होतो. कादंबरीने तो करायला हवा होता असे आम्ही म्हणत नाही. वाचकाने तो शेजारी ठेवून वाचावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरे पान १८९७ सालच्या पुण्याचे. बनगरवाडीत समाज होता आणि संस्था नव्हती. येथे नेमके उलटे घडले. प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड यांच्या अध्यक्षतेखाली विशेष प्लेग समिती नेमली गेली. पुण्याला तेव्हा नगरपालिका होती, तिच्यात निवडून आलेले सभासद होते. पण घरझडतीचे काम गोऱ्या सोजिरांवर सोपवण्यात आले. घरात शिरणे, स्त्रियांची तपासणी, देवघरांची विटंबना, सामानाची जाळपोळ या सर्वांच्या कहाण्या आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परिणाम असा झाला की लोक आपले रोगी लपवू लागले. ज्या झडतीने रोगी सापडायचा, तिच्याच भीतीने तो दडवला गेला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि इतिहासाचे सारे लक्ष त्या गोळीकडे गेले. तिच्यावर पुढे चित्रपट निघाला, पुस्तके लिहिली गेली.

परंतु त्याच वर्षी, त्याच शहराच्या वेशीवर आणखी एक मृत्यू झाला. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आज सावित्रीबाईंचे स्मरण सर्वत्र होते आणि या मृत्यूचा उल्लेखही त्यात असतो. पण तो त्यागाची कथा म्हणून येतो. तो एका परंपरेचा भाग म्हणून यायला हवा. जोतीराव फुले १८७६ नंतर काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्याच काळात मोठा दुष्काळ पडला, आणि १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी धनकवडीला बालाश्रम चालवला. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतावर खर्च करायचे ठरवले, तेव्हा विरोधाचे मत देणारे सभासद जोतीरावच होते. नगरपालिकेत खर्चाला विरोध करणे आणि धनकवडीला मुलांच्या जेवणाची सोय करणे, ही एकाच माणसाची दोन वेगळी कामे नव्हती. सार्वजनिक पैसा कोणासाठी, हा एकच प्रश्न ते दोन ठिकाणी विचारत होते. जोतीरावांच्या लेखनावर प्रबंध लिहिले जातात. नगरपालिकेतले जोतीराव मात्र चरित्राच्या एखाद्या प्रकरणात राहून जातात.

तिसरे पान अलीकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या पहाटेपूर्वी महाराष्ट्रातल्या अनेकांनी ऐकलीही नव्हती. सुमारे दहा हजार माणसे गेली. ज्या जाड दगडी भिंतींनी आणि मातीच्या माळवदांनी उन्हाळ्यात घरे थंड ठेवली होती, त्यांच्याखालीच माणसे गाडली गेली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आणि हजाराहून अधिक गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले.

या पुनर्वसनातल्या दोन गोष्टी आम्हांला महत्त्वाच्या वाटतात. पहिली गोष्ट घरांच्या मापाची. नव्या गावांत घर किती मोठे मिळणार, हे कुटुंबाकडे पूर्वी जमीन किती होती यावर ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारक यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४०० चौरस फूट आणि मोठ्या जमीनदारांना ७५० चौरस फूट. भूकंपाने काही क्षणांत सर्वांना एकाच उघड्यावर आणले होते. कागदाने त्यांना पुन्हा आपापल्या जागी बसवले. यामागे व्यवहाराची कारणे होती, शेतकऱ्याला अवजारे आणि धान्य ठेवायला जागा लागते हेही खरे. पण गाव पुन्हा उभे राहिले असे आपण म्हणतो, तेव्हा कोणते गाव उभे राहिले, हा प्रश्न शिल्लक राहतोच. 'पूर्वपदावर येणे' हा वाक्प्रचार आपण आपत्तीनंतर सहज वापरतो. ज्याचे पूर्वपद गावकुसाबाहेरचे होते, त्याने कोठे यावे?

दुसरी गोष्ट संवाद सहायकांची. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना संवाद सहायक म्हणून काम देण्यात आले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांचे प्रशिक्षण आणि संघटन केले. अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, भिंतीच्या कोपऱ्यात आणि जोडावर काय घालायचे, अभियंत्याने काय तपासले पाहिजे, हे या बायकांनी शिकून घेतले आणि शेजारणींना शिकवले. ज्यांना पूर्वी चावडीवर उभे राहण्याचीही सवय नव्हती, त्या कार्यालयात जाऊन आपल्या गावाची यादी मागू लागल्या. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या अशा काही स्त्रिया कच्छमध्ये जाऊन तेथल्या स्त्रियांशी बोलल्या. आपद्ग्रस्त हा मदतीचा विषय न राहता मदतीचा कर्ता झाला, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी, म्हणजे या भूकंपाच्या पाच महिने आधी, अमलात आली होती आणि पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या होत्या. कायद्याने उघडलेल्या दारातून आत जायची सवय मराठवाड्यातल्या पुष्कळ बायकांना या पडझडीच्या काळात लागली. यावर मराठीत एखादी मोठी कादंबरी का असू नये?

येथे शब्दांकडे वळणे भाग आहे. इंग्रजीत ज्या गुणाला आजकाल मोठा मान आहे, त्याला मराठीत कोणी 'लवचिकता' म्हणतात, कोणी 'चिवटपणा', कोणी 'तग धरण्याची क्षमता'. यांपैकी चिवटपणा हा शब्द वृत्तपत्रांना प्रिय आहे. पूर ओसरला की दुसऱ्या दिवशी दुकान उघडणाऱ्या दुकानदाराचे छायाचित्र येते आणि त्याखाली चिवटपणाची स्तुती येते. स्तुती करणाऱ्याला त्यातून एक सवलत मिळते: माणसे चिवटच असतील, तर त्यांच्यासाठी फारसे काही करायची गरज नाही. मराठीत याहून चांगला शब्द आहे, आणि तो क्रियापद आहे. सावरणे. या क्रियापदाची गंमत अशी की ते सकर्मकही आहे आणि अकर्मकही. माणूस सावरतो, आणि माणूस दुसऱ्याला सावरतो. घर सावरले जाते, पदरही सावरला जातो. स्वतः सावरणे आणि दुसऱ्याला सावरणे यांत आपल्या भाषेने भिंत घातलेली नाही. चिवटपणा एकट्याचा असू शकतो. सावरण्यात दुसऱ्याच्या हाताला नेहमीच जागा असते.

असाच दुसरा शब्द पंचनामा. पूर, गारपीट, अवकाळी पाऊस यांनंतर गावोगाव हा शब्द ऐकू येतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येतात, नुकसान लिहून घेतात आणि पंचांच्या सह्या होतात. पंचनामा आणि पंचायत ही एकाच कुळातली नावे आहेत, हे आपण विसरलो आहोत. दोहोंच्या मुळाशी पाच जाणत्या माणसांची साक्ष आहे. जे घडले ते सर्वांसमक्ष पाहिले, सर्वांसमक्ष लिहिले आणि त्याची जबाबदारी नाव घालून घेतली, असा तो करार आहे. आपत्तीच्या वेळी समाजाला अन्न, औषध आणि निवारा यांइतकीच अशा साक्षीची गरज असते. माझे नुकसान झाले हे कोणीतरी मान्य केल्यावाचून माणूस सावरायला लागत नाही.

कोल्हापूर आणि सांगलीची माणसे पावसाळ्यात फुटांच्या भाषेत बोलतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका; सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. हे आकडे तेथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा हे सारे पाठांतर अपुरे पडले. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेक जण बुडाले. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. पाणी दाराशी आल्यावर बोटीत कोणी आधी बसायचे हे ठरवता येत नाही. ते मे महिन्यात, कोरड्या जागी, सर्वांसमक्ष ठरवावे लागते: बोट किती माणसांची, प्राणरक्षक जाकिटे किती, आधी कोण, जनावरे कोठे न्यायची, कोणत्या आकड्याला घर सोडायचे. धाडस तेथे पुष्कळ होते, आपल्या माणसांसाठी जीव धोक्यात घालणारेही पुष्कळ होते. अशा वेळी धाडसाला आधीच्या ठरावाचा आधार लागतो. पूर्वतयारी ही नीरस गोष्ट आहे. तिची बातमी होत नाही आणि कथाही होत नाही. ब्रह्मनाळची बातमी झाली.

समाजाच्या एकोप्याविषयी लिहिताना त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून माणसे गावी परतू लागली, तेव्हा अनेक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या, रस्ते खणले, पाट्या लावल्या. गाव एक झाले होते, पण ते आपल्याच माणसांविरुद्ध. ज्यांच्या मनिऑर्डरींवर वर्षानुवर्षे घरे चालली, तेच वेशीबाहेर उभे राहिले. त्याच दिवसांत इतर अनेक गावांत ग्रामपंचायतींनी जिल्हा परिषदेच्या शाळा उघडल्या, परतलेल्यांना तेथे चौदा दिवस ठेवले, घरोघरचे डबे पोचवले आणि आशा कार्यकर्तीने रोज ताप मोजला. भीती दोन्हीकडे सारखीच होती. एकीकडे गावकीने निर्णय घेतला, दुसरीकडे पंचायतीने. गावकीला आतले आणि बाहेरचे एवढेच कळते. पंचायतीपाशी मतदारयादी असते, आणि त्या यादीत वेशीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचेही नाव असते. समाजाचा एकोपा आणि न्याय यांत अंतर पडते, तेव्हा ते मिटवण्याचे काम संस्थेचे असते.

येथवर वाचल्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. आपत्तीत काम करतात ते अधिकारी. निवडून आलेली माणसे श्रेय घेतात, छायाचित्रे काढतात आणि वाटपात आपल्या माणसांची वर्णी लावतात. मग त्यांचा एवढा उदोउदो कशासाठी? 'सामना'तल्या साखरसम्राटापासून 'वळू'तल्या सरपंचापर्यंत आपल्या पडद्याने गावच्या सत्तेचे जे चित्र काढले, ते काही हवेतून आलेले नाही. दंभ, गटबाजी, टक्केवारी हे सर्व आहे, आणि त्यावर लिहिले गेलेले उपरोधिक लेखन मराठीचे वैभव आहे. ते कमी व्हावे असे आम्हांला वाटत नाही.

या आक्षेपाला धारावीचे उदाहरण जोडले जाईल. अडीच चौरस किलोमीटरांहूनही कमी जागेत आठ-दहा लाखांची वस्ती, सामाईक शौचालये, आणि १ एप्रिल २०२० रोजी सापडलेला पहिला रुग्ण. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाने तेथे साथ आटोक्यात आणली आणि जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीही तिचा गौरवाने उल्लेख केला. हे श्रेय अधिकाऱ्यांचे नाही काय? आहे, निश्चित आहे. पण १८९७ च्या पुण्याशी त्याची तुलना करून पाहावी. दोन्ही ठिकाणी घरोघर तपासणी झाली, दोन्ही ठिकाणी रोग्याला घरातून हलवले गेले. फरक दार कोणी ठोठावले यात होता. पुण्यात बंदूकधारी सोजीर होते. धारावीत गल्लीतलाच खाजगी डॉक्टर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांबरोबर आला. त्याला त्या घरातल्या मुलांची नावे ठाऊक होती. अधिकाऱ्याचे शहाणपण असे की त्याने हा ओळखीचा हात शोधला. आणि धारावीसह सबंध मुंबईत तेव्हा निवडून आलेले नगरसेवक होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ज्याच्या दाराशी जाऊन भांडता येते असा माणूस प्रत्येक प्रभागात होता.

त्यानंतरचा काळ मात्र वेगळा आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता, निवडणुका लांबत राहिल्या. राज्यातल्या बहुतेक महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या यांची हीच अवस्था झाली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका चार महिन्यांत घ्या असे सांगितले, आणि मुंबईत प्रत्यक्ष मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका एकाही नगरसेवकावाचून चालली.

या मधल्या काळात, सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सीना नदीने गावेच्या गावे वेढली, पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून गेली. तेव्हा धाराशिव, बीड, सोलापूर या जिल्ह्यांत जिल्हा परिषदेचा निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. ग्रामपंचायती होत्या, आणि त्यांनी जे करता येईल ते केले. पण आपत्ती व्यवस्थापनाचा २००५ चा कायदा पाहिला, तर जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे लोकनियुक्त अध्यक्ष, अशी त्यात योजना आहे. कायदा करणाऱ्यांनी ही दुसरी खुर्ची विचार करून ठेवली होती. पहिल्या खुर्चीवरचा माणूस शासनाला उत्तर देतो. दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाने लोकांना उत्तर द्यावे, अशी अपेक्षा होती. पूर आला तेव्हा त्या खुर्चीसाठी लोकांनी निवडलेला माणूसच नव्हता. कोणत्याही अधिकाऱ्याच्या निष्ठेबद्दल येथे शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न निष्ठेचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. बदली होऊन जाणाऱ्या माणसाला पुढच्या पावसाळ्यात कोणी जाब विचारू शकत नाही.

आम्हांला अस्वस्थ करते ती गोष्ट यापुढची आहे. या चार वर्षांत महाराष्ट्रातल्या साहित्यिकांनी, समीक्षकांनी आणि प्राध्यापकांनी अनेक विषयांवर निवेदने काढली, परिसंवाद घेतले. रिकाम्या पडलेल्या या सभागृहांविषयी मात्र साहित्यविश्वात फारसे कोणी हळहळले नाही. कायद्याचा प्रश्न म्हणून तो वकिलांकडे गेला, सत्तेचा प्रश्न म्हणून पक्षांकडे. भाषेत ज्याची जागा विनोदापुरती होती, त्याचे जाणे विनोदासारखेच हलके वाटले. नगरसेवक नाहीत तर बरेच आहे, असे म्हणणारे सुशिक्षित लोक आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत.

यावर भाषेच्या शिक्षकाने काय करावे? सरपंचावर गौरवपर कादंबऱ्या लिहाव्यात, असे आम्ही सुचवणार नाही. आदर्श सरपंचाची प्रचारकथा ही भ्रष्ट सरपंचाच्या विनोदी कथेइतकीच एकांगी होईल. पण वाचनाची कक्षा वाढवता येईल. प्रत्येक ग्रामपंचायतीत इतिवृत्ताची वही असते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असा कायदा आहे, आणि त्यांत काय झाले ते त्या वहीत लिहिलेले असते: सूचक, अनुमोदक, ठराव, विरोध, तहकुबी. मराठी गद्याचा हा फार मोठा साठा आहे आणि मराठी विभागांनी त्याला क्वचितच हात लावला आहे. बखरी आणि महजर यांच्या भाषेचा आपण अभ्यास करतो. महजर म्हणजे तरी काय, गोतसभेने पंचांसमक्ष केलेला लेखी निवाडाच. मग त्याच वंशातली ग्रामसभेची वही अभ्यासाला अपात्र कशी ठरते? एम. ए. च्या विद्यार्थ्याने आपल्या गावाची पूर किंवा दुष्काळ आलेल्या वर्षाची वही वाचावी. मदतीच्या यादीवर कोणी हरकत घेतली, ती कोणत्या शब्दांत नोंदवली गेली, कोणाचे नाव वहीत कधीच येत नाही, कर्मणी प्रयोगाच्या आड कोणता कर्ता लपला आहे, हे प्रश्न आपल्याच विद्याशाखेचे आहेत. ज्यांना कथा लिहायची आहे, त्यांना त्या वहीत कथाही सापडेल.

आपत्ती येतच राहतील. पाऊस आता जुन्या नक्षत्रांचे ऐकत नाही. त्या वेळी कोणते गाव सावरेल, हे त्या दिवशीच्या भाषणावर ठरणार नाही. आधीच्या दहा वर्षांत तेथे किती सभा खरोखर भरल्या, किती याद्या मोठ्याने वाचल्या गेल्या, वेशीजवळच्या वस्तीतल्या बाईला हरकत घेता आली की नाही आणि ती कोणी लिहून घेतली की नाही, यावर ते ठरेल. लिहून घेणे हे आपलेही काम आहे. निदान लिहिले गेलेले वाचणे तरी आपण आपले काम मानावे, ही आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे.